साखरेला बोलतं करणाऱ्या कमलवहिनी

कमलवहिनींच्या घरी जेवायला गेलं की प्रत्येक पदार्थ पाहुण्याच्या ताटात येण्याआधी काचेच्या नळीत जाऊन यायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीशी स्पिरिटचा दिवा, लाकडी चिमटा आणि औषधाच्या दुकानातून आणलेली निळ्या पाण्याची बाटली मांडलेली असे. पदर खोचून, अंगात नवऱ्याचा जुना स्वेटर चढवून वहिनी तिथे नळी हलवत उभ्या असायच्या. आपण भुकेने कळवळतोय आणि तिकडे टोमॅटोच्या सुपाची चौकशी चाललेली! "थांबा नं भाऊजी," त्या म्हणायच्या, "ह्याची जबानी झाल्याबिगर वाढनार नाई."

हे घर इंग्लंडच्या उत्तरेला, गिरण्यांच्या धुराने काळवंडलेल्या एका गावात होतं. महाराष्ट्र राज्य होऊन आठ-दहा वर्षं झाली असतील. मी बुलढाण्याचा, तिथल्या विद्यापीठात रसायनशास्त्राचं संशोधन करायला गेलो होतो आणि नशिबाने वरची खोली भाड्याने मिळाली ती शंकररावांच्या घरात. शंकरराव देऊळघाटचे, शेतकऱ्याच्या घरातले पहिले इंजिनिअर. एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचे. वहिनी धामणगाव बढ्याच्या हलवायाची मुलगी. शाळा सातवीपर्यंत, पण बाराव्या वर्षी वडिलांच्या कढईपुढे बसून पाक किती तारी झाला ते नुसत्या बुडबुड्यांवरून सांगायच्या. इंग्रजी त्यांना दोनच गोष्टींपुरतं येत होतं. एक 'थँक्यू' आणि दुसरं 'नो शुगर'.

ते दुसरं शिकावं लागलं याचं कारण शंकररावांचा मधुमेह. नव्या बुटाने पायाच्या बोटाला फोड आला, तो फुटला, चिघळला आणि भरेचना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की सहा आठवड्यांत साखर ताब्यात आली नाही तर बोट कापावं लागेल, आणि आणखी वाट पाहिली तर एका बोटावर भागणार नाही. वहिनींचा दुभाष्या म्हणून मी सोबत होतो. वहिनींना हे मी मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याले सांगा, बोट म्हंजे वांगं नोय कापाले. सहा आठोडे देल्ले नं? बस झाले."

रोज सकाळी लघवीत साखर किती उतरते ते तपासायची पद्धत नर्सने शिकवली. नळीत निळं पाणी घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर बरं, पिवळं वाईट आणि विटेसारखं लाल झालं तर फार वाईट. आमच्या घरी रोज वीट निघायची. शंकरराव गोळ्या वेळेवर घेत होते, चहा बिनसाखरेचा पीत होते, मिठाईला हात लावत नव्हते. तरी वीट!

वहिनींनी मग त्यांच्यावरच वहीम घेतला. कोटाचे खिसे झाडून झाले, पलंगाखालच्या ट्रंका उघडून झाल्या. "तुमी कारखान्यात चोरून खाऊन राह्यले," त्या म्हणायच्या. शंकरराव बिचारे काकुळतीला येत. "तुही शप्पथ कमल, काई नाई खाल्लं." "माही शप्पथ कायले घेता? मीच मरन." त्यानंतर आठवडाभर दोघांत बोलणं बंद. मीठ हवं असलं तरी शंकरराव मला सांगत आणि मी वहिनींना.

दुसऱ्या रविवारी दुपारी वहिनी पत्र्याच्या बंद डब्यात विकत मिळणाऱ्या, टोमॅटोच्या रसातल्या घेवड्याच्या शेंगदाण्याएवढ्या बिया पातेल्यात गरम करत होत्या. शंकररावांच्या आवडीचं खाणं ते; झटपट होतं म्हणून रोज एक डबा फुटायचा. रस जरा जास्त आटला. चमचा पुसताना वहिनींचं बोट त्याला लागलं, आणि सवयीने त्यांनी अंगठा नि बोट जुळवून हळूच उघडलं; मधे बारीक तार आली. मग तशीच दोन बोटं धरून त्या माझ्याकडे आल्या.

"भाऊजी, ह्याच्यात पाक हाय."

मी हसलो. म्हटलं, "वहिनी, हे खारट-आंबट आहे. यात पाक कुठून येणार?"

"खारट-आंबटाच्या मांगंच तं लपते ते," त्या म्हणाल्या. "माहा बाप चिवड्यात चिमूटभर साखर टाके. गिऱ्हाईक म्हने तिखट मस्त हाय. साखर हाय असं एकानं नाई म्हनलं."

आणि त्यांनी जे केलं ते मी, तीन वर्षं प्रयोगशाळेत नळ्या धुणारा माणूस, स्वप्नातही केलं नसतं. सकाळची नळी खळखळून धुतली, त्यात निळं पाणी घेतलं आणि त्या रसाचे आठ थेंब टाकून उकळलं. डोळ्यांदेखत वीट!

वहिनी नळी घेऊन थेट बैठकीत गेल्या. शंकरराव वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले होते. त्यांच्यासमोर नळी धरून त्या म्हणाल्या, "चुकलं माह्यं. चोर तुमी नाई. चोर डब्यात हाय." शंकररावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, आणि दोघंही एकमेकांकडे पाहून रडू लागले. मी वर निघून गेलो.

दुसऱ्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक डब्याची झडती सुरू झाली. टोमॅटोचं सूप, लोणचं, कोशिंबिरीवर ओतायचा तो पिवळा रस, मांसाबरोबर खायची काळी चटणी, एकेकाची जबानी होऊन तो मोरीत गेला. दूधही लाल झालं तेव्हा तर वहिनी दूधवाल्यावर तुटून पडल्या. तो भला माणूस दारात टोपी काढून उभा, आणि वहिनी अस्सल वऱ्हाडीत विचारताहेत, "काऊन बे, दुधात कोनी साखर टाकते का?" दुधात मुळातच एक साखर असते हे त्यांना पटवताना मला घाम फुटला. दूधवाल्याला काय समजावलं ते न सांगितलेलंच बरं.

तरी शंकररावांची नळी पिवळ्यावरून पुढे सरकेना. चौथा आठवडा संपत आला होता. जखमेचा रंग पाहून मी वहिनींकडे बघायचं टाळायचो. अशात एका सकाळी त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी चक्क साखरच निळ्या पाण्यात टाकून उकळली. पाणी निळंच राहिलं! शंकरराव आनंदाने ओरडले, "पाह्य, साखरेत साखर नाई! टाक बरं माह्या चहात दोन चमचे!"

माझ्यातला पंडित लगेच जागा झाला. मी सांगितलं की नेहमीची साखर या तपासणीला दादच देत नाही. डब्यातल्या पदार्थांत दुसऱ्या जातीची साखरही असते, म्हणून ते पकडले गेले. वहिनींचा चेहरा उतरला. झडतीत चहाबरोबरची, फारशी गोड न लागणारी बिस्किटं 'निर्दोष' सुटली होती, आणि शंकरराव ती बिनघोर सहा-सहा खात होते.

"मंग हिले बोलतं कसं कराव?" त्यांनी विचारलं.

"ते घरी व्हायचं नाही. आधी आम्लात उकळून साखर फोडावी लागते. प्रयोगशाळेचं काम आहे ते," मी म्हणालो. आजही ते वाक्य आठवलं की माझे कान गरम होतात.

 वहिनी उठल्या आणि फळीवरून लिंबाच्या आम्लाच्या खड्यांची, निंबूफुलाची, पुडी काढली. "पाकात निंबूफूल काऊन टाकते, माहीत हाय का तुमाले? नाई टाकलं तं साखर पुन्ना दाना धरते. निंबूफुलानं ते मोडते. एकडाव मोडली की मंग लपू शकत नाई."

बोलता बोलता त्यांनी बिस्किटाचा चुरा पाण्यात कालवला, त्यात निंबूफुलाचा कण टाकला, चांगला उकळला आणि मग निळं पाणी घातलं. ते जरा फसफसलं, निवलं, पुन्हा उकळलं, आणि लाल झालं. वीट, अगदी भट्टीतली! मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी दुसरी नळी घेतली आणि नुसतं निंबूफूल उकळून पाहिलं. ते निळंच राहिलं. "उगीच बिस्किटावर आळ नको," त्या म्हणाल्या. हा पडताळा घ्यायचा असतो हे माझ्या विद्यार्थ्यांना पुढे मी वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडून सांगितलं. वहिनींना ते कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून विकतच्या डब्यांना घर बंद झालं. कोबी, फुलकोबी, पालक, अंडी, कोंड्यासकट कणकेच्या मोजून दोन पोळ्या आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा. शंकरराव कारखान्यात घरच्या जेवणाचा डबा न्यायला लाजत होते. वहिनी म्हणाल्या, "लाज वाटते तं वाटू द्या. लाजीनं बोट नाई कापत कोनी." मग ते मुकाट्याने नेऊ लागले.

पिवळ्याचं हिरवं झालं. हिरवं फिकट होत गेलं. आणि सहाव्या आठवड्यात एका सकाळी माझ्या खोलीची जमीन खालून धडाधड वाजली. वहिनी स्टुलावर चढून लाटण्याने छत ठोकत होत्या. "भाऊजी! निळं! निळं हाय!" मी अनवाणी खाली धावलो. शंकरराव नळी उजेडात धरून उभे होते आणि वहिनी त्यांचं कोपर धरून. इतका सुंदर निळा रंग मी पुन्हा कुठल्याही प्रयोगशाळेत पाहिला नाही.

डॉक्टरांनी पट्टी सोडली. जखम कडेकडेने भरून येत होती. त्यांनी दोनदा वाकून पाहिलं आणि म्हणाले, कापायची गरज नाही. एवढ्या कमी दिवसांत हे कसं साधलं, असं त्यांनी मला विचारलं. मी वहिनींकडे बोट केलं. त्या ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "सांगा त्याले, हलवायाची पोर हाय म्हना. साखर कुठी कुठी लपते, ते आमाले लहानपनापासून माहीत हाय." मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितलं. डॉक्टर उठून उभे राहिले आणि त्यांनी वहिनींपुढे हात केला. वहिनींनी पदराला हात पुसून तो धरला आणि त्यांचं पहिलं इंग्रजी वापरलं, "थँक्यू."

पुढे ते दोघं देऊळघाटला परतले. शेत पाहिलं, विहीर बांधली, पुढे झालेल्या दोन मुलींची लग्नं केली. शंकरराव रोज पहाटे शेताला पायी चक्कर मारत, आणि ऐंशीला टेकल्यावर एका दुपारी झोपेतच गेले. कळल्यावर मी देऊळघाटला पोहोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. गावच्या बायका भोवती बसल्या होत्या. मला पाहून वहिनींनी जागा करायला सांगितली. मी जवळ जाऊन बसलो. मीच रडू लागलो. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. डोळे भरलेले होते, पण आवाज जिंकलेल्या माणसाचा होता.

"शेवटचं पानी घालतांनी म्या पाय पाह्यले, भाऊजी," त्या म्हणाल्या. "दाहीच्या दाही बोटं घेऊन गेले."