शिंपीकाकांचं माप

सुटलेलं पोट दिसेल या धास्तीने कारकुनाने लग्नासाठी पाहिलेल्या आधीच्या दोन मुलींसमोर नुसतं पाणी पिऊन भेट उरकली होती. आता तिसरीला भेटायचं म्हणून त्याने नवी पँट शिवायला टाकली. मापाला उभा राहिला तोही पोट आत खेचून, श्वास रोखून.

शिंपीकाकांनी टेप कमरेभोवती सैलच धरली. "आई बरी आहे ना रे?"

"आहे की काका, गुडघे तेवढे..." बोलता बोलता श्वास सुटला, पोट जागेवर आलं आणि काकांनी माप टिपलंसुद्धा. आकडा मात्र तोंडातून काढला नाही.



"सगळेच आत घेतात," काका म्हणाले. "परवा पैलवान आला होता, तोसुद्धा!"

रविवारी त्या पँटीत कारकून मुलीसमोर पोटभर जेवला. वर खीरही मागून घेतली.