कोरं पान

कॉम्प्युटर दुरुस्त करायला तो वणीहून झरी जामणीला आमच्या शेती माहिती केंद्रात यायचा. मशीनला हात लावण्याआधी शर्टाच्या टोकाने चष्मा पुसायचा आणि आजाऱ्याची चौकशी करावी तसं मशीनलाच विचारायचा, "काहून रुसली व माय?"

त्या वर्षी कपाशीवर अळी पडली होती. कोणत्या अळीवर काय फवारायचं, हे सांगणारी मदतीची फाइल वरच्या कार्यालयातून आली होती. ती उघडली की डावीकडे विषयांची यादी दिसायची आणि उजवीकडे नुसतं पांढरं पान. लोक किडकी बोंडं रुमालात बांधून आणायचे. मी म्हणायचो, "मशीन बंद आहे, पुढच्या आठवड्यात या."

तपासणी येणार म्हणून साहेबांनी त्याला बोलावलं, तेव्हा वेचणी संपत आली होती. त्याने फाइलच्या माहितीत जाऊन एक बटण दाबलं. "फाइल बाहेरून आली ना, म्हणून मशीननं अडवून ठेवली होती," तो म्हणाला. पान अक्षरांनी भरलं. त्याने ते शेवटपर्यंत वाचलं.

"किती दिवसांपासून असं हाय?"

"तीन महिने."

"मंग मले एक फोन कायले नाही केला?"

मी साहेबांच्या केबिनकडे पाहिलं.

कामाच्या कागदावर त्याने लिहिलं, 'दोन मिनिटांचं काम होतं. तीन महिने कोणी विचारलं नाही.' साहेबांनी तो कागद फाडला आणि त्याला पुन्हा कधी बोलावलं नाही. नवा कागद मी लिहिला, 'मशीन पहिल्यापासून व्यवस्थित.' खाली सही माझीच आहे.