बोरकर काकांचं कोहळं

बोरकर काका आमच्या हिंदी शाळेत पहिल्यांदा आले ते खांद्यावर भलंमोठं कोहळं घेऊन. पावर हाउस नावाच्या वस्तीतल्या बाजारातून थेट तिसरीच्या वर्गात! स्टील प्लांटमधून क्रेन ऑपरेटर म्हणून रिटायर झालेला हा माणूस दर शनिवारी पोरांचा गणित क्लब चालवणार, एवढंच मोठ्या मॅडमनी मला सांगितलं होतं.

कोहळं टेबलावर आदळून त्यांनी आधी मलाच गाठलं. "बोला मॅडम, यात बिया किती असतीन?"

मी गणित शिकवायचे खरी, पण उत्तरं आदल्या दिवशी गाइडमधून वहीत उतरवून. ही चोरी पोरांपुढे उघडी पडेल, या धास्तीतच माझी नोकरी चालली होती. "शंभर," मी कसंबसं म्हटलं.

काकांनी कोहळं चिरलं. पोरांनी कोपरापर्यंत हात घालून बिया उपसल्या. फरशीवर दहा-दहाचे ढीग, दर दहा ढिगांभोवती खडूचं रिंगण. चार रिंगणं भरली, वर बारा बिया उरल्या! मला तोंड लपवावंसं वाटलं. काका मात्र खूश. "प्लांटात माझा अंदाज चुकला असता त कोनाचा जीव गेला असता. इथं चुकाले भेटते, मॅडम! चुका ना बिनधास्त!"

दोन वर्षं त्या माणसाने शाळेला वेड लावलं. पोरं सुतळीने कडुनिंबाचा घेर मोजत, सावलीवरून झेंड्याच्या खांबाची उंची काढत, आणि काका त्यांच्याहून जास्त ओरडत. मी बाजूला उभी, टाळ्या वाजवायला. मग त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलाने त्यांना नागपूरला नेलं. निघताना म्हणाले, "शनिवार आता तुमचा."

"मला नाही जमणार, काका."

"मले तरी कुठं जमत होतं? पोरंच जमवून घेत."

पहिल्या शनिवारी मी पपई नेली. बिया मोजून झाल्या, तोच वर्गात कधी तोंड न उघडणारी हंसा उठली. "मॅडम, सब पपीतों में इतने ही बीज होते हैं क्या?"

गाइडमध्ये हे कुठलं असणार! "पता नहीं, बेटा."

कुणीही हसलं नाही. "तो गिन लेंगे!" हंसा ओरडली. पुढच्या शनिवारी पोरांनी घरच्या परसातल्या अकरा पपया आणल्या. एकीचाही आकडा दुसरीशी जुळेना. मोठ्या मॅडमही चिकट हातांनी मोजत बसल्या.

मी तिथूनच काकांना फोन लावला. "काका, मला उत्तर आलंच नाही!" आयुष्यात पहिल्यांदा हे मी आनंदाने ओरडून सांगत होते. "अकरा पपया आहेत, आणि बिया..."

"सांगू नका, सांगू नका!" तिकडून काका. "आकडे झाकून ठेवा. मी गाडी पकडून राहिलो!"