सव्वा तासाचं पुणे आणि येऊन राहिलेला मामा

गोंदिया ते पुणे, विमानानं सव्वा तास! हे मी नाही, एक वेबसाइट म्हणते. दोन गावांची नावं टाका, ती अंतर आणि उड्डाणाची वेळ सांगते. तिथून विमान सुटतं का, ही तिची भानगड नाही. मी गंमत म्हणून आमचं गाव, दवनीवाडा, टाकलं, तर आमच्या धानाच्या बांधीतूनही विमान उडालं.

माझी भाची पल्लवी पुण्यात नोकरीला. लग्न तिथंच, गोरज मुहूर्तावर. मुलीला मंडपात मामानं आणायचं, आणि मी एकुलता एक मामा. "मले तूच नेशील," हे तिनं शाळेत असतानाच बजावलं होतं. आदल्या दिवशीची रेल्वे ठरलेली होती, पण सव्वा तास वाचून माझं डोकं फिरलं.

बायको म्हणाली, "काऊन हो, इथली रेल्वे सोडून विमान कायले?"

मी तिला वेबसाइट दाखवली. ती लग्नाच्या तांदळाची थैली माझ्या हाती देऊन रेल्वेनंच गेली.

गोंदियाहून पुण्याचं विमान काही मिळालं नाही, म्हणून नागपूरहून घेतलं. स्टेशनवर सोडताना ऑटोवाला म्हणाला, "पुणे जाना है तो नागपुर काहे, भैया? गाड़ी तो यहीं से है!" मी ऐकलं नाही. जाणाऱ्यांनी समोसे गोंदियातच बांधून घ्यावेत. विमानतळावर चहाचा भाव ऐकूनच तहान भागते. तिथं माझी वासाच्या चिन्नोर तांदळाची थैली उघडली गेली, दोघांनी वास घेतला आणि तिसऱ्याला बोलावलं. मग विमानाला उशीर, मग आणखी उशीर. हवेत मात्र सव्वा तासच लागला, खोटं कायले बोलू?

पुण्यात उतरलो आणि टॅक्सी जी अडकली ती हलेचना. मुहूर्त जवळ आलेला. वेबसाइटनं मामालाच मामा बनवलं होतं! तेवढ्यात नवरदेवाच्या वडिलांचा फोन.

"मामासाहेब, फोन स्पीकरवर आहे, पल्लवी इथेच बसली आहे. कुठे आहात? लवकर या, नाहीतर आमच्यातले एक काका मामा म्हणून उभे राहतील."

"नाही नाही, येऊन राहिलो जी! येऊनच राहिलो!"

"अरे वा!" म्हणत त्यांनी शांतपणे फोन ठेवला. मी चाटच पडलो.

कार्यालयात पोचलो तर माइकवर पुकारा चाललेला, "मुलीचे मामा जिथे असतील तिथून खाली या." वरच्या मजल्यावर दारं ठोकली जात होती. नवरदेवाचे वडील माझ्यावर धावलेच. "अहो, कोणत्या खोलीत झोपला होतात? येऊन राहिलात म्हणालात ना!"

आमच्याकडे येऊन राहिला म्हणजे तो अजून वाटेत असतो. पुण्यात तो येऊन मुक्कामाला असतो. खरा मामा इमारतीतच आहे म्हटल्यावर दुसरा कसा उभा करणार? सगळे मला शोधत बसले होते. घामेजल्या हातानं मी पल्लवीचा हात धरला आणि भर मांडवात रडलो.

परत आलो ते रेल्वेनं, पाय ताणून झोपत. घरी आल्यावर आठवलं, फोन स्पीकरवर होता आणि पल्लवी तिथंच बसली होती. तिला फोन लावला.

"तुले तर समजलं होतं ना, मी रस्त्यात आहो म्हणून? काऊन नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर दुसरा मामा उभा केला असता," ती म्हणाली. "वरच्या खोल्या पाहा, असं मीच म्हटलं."