बिनविरोध ठराव आणि आबांची चिलीम

सैन्यात अधिकारी व्हायचं म्हणून आजकाल पोरं माझ्याकडे येतात. रिटायर होऊन गावी बसलेला माणूस, त्याला दुसरा काय उद्योग! छाती किती लागते, इंग्रजी किती लागतं, धावायचं किती, सगळं विचारून घेतात. मग जाता जाता दारात चप्पल घालताना एखादा हळूच विचारतो, "सर, मागं कधीतरी मित्रांसोबत थोडं ओढलतं. मुलाखतीत विचारलं तर काय सांगायचं?"

माझं डोकंच फिरतं. ओढलतं याच्यावरून नव्हे, "काय सांगायचं" याच्यावरून. अरे लेका, घडलं ते सांगायचं! त्याला क्लास लावतात का कुठं? पण ओरडून झालं की मी त्याला परत आत बोलावतो, चहा सांगतो आणि माझ्या बापाची गोष्ट सांगतो. कारण खरं बोलणं मला अकादमीत कुणी शिकवलं नाही. ते मी गांजा ओढणाऱ्या माणसाकडून शिकलो.

आमचं घर मेंढ्यावाल्यांचं, जोडीला थोडी कोरडवाहू. आबा, म्हणजे माझे वडील, पोरवयापासून मेंढरं घेऊन गेवराईकडं गोदाकाठाला जायचे. थंडीवाऱ्यात रानात बसायचं, लांडग्यावर नजर ठेवायची. तिथं एका म्हाताऱ्या मेंढक्यानं त्यांच्या हातात चिलीम दिली, ती कायमची. आमच्या भागात याला कुणी नशा म्हणत नसे. दारू पिणारा तो पिदाड. गांजा ओढणारा मात्र भजनी माणूस. दिवस कलला की चार जण गोल बसायचे, ओली साफी, म्हणजे फडक्याची चिंधी, चिलमीला गुंडाळायची, महादेवाचं नाव घ्यायचं आणि ती हातोहात फिरायची. मला मात्र आबांनी कधी विस्तवसुद्धा आणायला लावला नाही. जवळ गेलो की म्हणायचे, "व्हय तिकडं. एका घरात एक पुरे."

मी पदवीला होतो तेव्हा पाठोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला. विहिरींनी तळ दाखवला. मेंढरं घेऊन चुलता लांब निघून गेला, आणि आबा, माय आणि मी बैल आणि दोन म्हशी घेऊन कारखान्यानं उघडलेल्या चारा छावणीत राहायला गेलो. आष्टी तालुक्यातली निम्मी जनावरं तिथं असावीत असं वाटायचं. उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, पेंड, टँकरचं पाणी, आणि जनावरांच्या शेजारीच बाजली टाकून माणसं. गावची दूध सोसायटीपण छावणीतच आली होती. लिंबाखाली काटा, कॅन आणि दुधाची डिग्री बघायची काचेची नळी. त्याच लिंबाखाली बसून मी अधिकारी भरतीच्या लेखी परीक्षेचा अभ्यास केला, आणि पास झालो. मुलाखतीचं बोलावणं आलं, भोपाळला. सगळ्या छावणीला आनंद झाला. आमच्यातलं कुणी तोवर हवालदाराच्या पुढं गेलं नव्हतं.

तेवढ्यात रजेवर आलेल्या गावातल्याच एका हवालदारानं सांगितलं, "तिथं घरचं सगळं विचारतात. बाप काय करतो, संध्याकाळी कुठं बसतो. अन् खोटं बोललं की लगेच धरतात." सोसायटीच्या चेअरमनांनी यातलं पहिलंच वाक्य ऐकलं. दुसरं ऐकायला ते थांबलेच नाहीत. माणूस मोठा जमीनदार, कारखान्यातही वजन असलेला, मनानं लई चांगला. पण जन्म गेला सहकारात. बैल हरवला तरी ठराव, टँकर आला तरी ठराव. त्यांनी लगोलग लिंबाखाली मीटिंग लावली.

आबा वाढे आणायला गेले होते. ते भारा घेऊन परत येतात तोवर ठराव लिहूनसुद्धा झाला होता. चेअरमननी उभं राहून तो वाचला. सदर सभासद हे पूर्णपणे निर्व्यसनी असून त्यांना कोणत्याही अमली पदार्थाची सवय नाही, अशी ही सभा खात्री देते. सूचक कोण, तर आबांच्या उजव्या हाताला बसून चिलीम ओढणारा. अनुमोदक डाव्या हाताचा. ठराव एकमतानं मंजूर! टाळ्या झाल्या. मीपण वाजवल्या, खोटं कशाला सांगू. मला ती हिरवी वर्दी इतकी पाहिजे होती की कुणी म्हणालं असतं बाप कीर्तनकार हाय, तरी मी टाळ्या वाजवल्या असत्या.

आबांनी भारा खाली टाकला, घाम पुसला आणि विचारलं, "ठराव झ्याक हाय. पण ह्यो माणूस कोण म्हणायचा?"

लोक हसले. आबा हसले नाहीत.

"पोराच्या भल्याचं हाय ते," चेअरमन म्हणाले. "येडेपणा करू नको बे. तिथं विचारलं तर काय सांगायचं त्यानं?"

"बाप गांजा ओढतो म्हणून सांगायचं."

"अन् त्याला घालवलं म्हणजे?"

"तुमी दुधात नळी सोडता का न्हाई, चेअरमन? पाणी घातलेलं कळतंच की. मग त्येंच्याकडं काय नळी नसंल?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "इचारलं तर सांग. मला लाज वाटंल म्हणून दडवू नको. ओढतो मी, तर लाजबी मीच सोसीन. तू कावून सोसतो?"

चेअरमन रागावले. मग थोड्या वेळानं तेच म्हणाले, "बरं, रद्द करू." तोही ठराव झाला. तोही एकमतानं. आमच्या जिल्ह्यात माणसं अशी आहेत. तुमच्यासाठी खोटं बोलायलाही एका पायावर तयार, आणि नको म्हटलं तर तेवढ्याच प्रेमानं मागं घेतात. त्यांच्यावर मला कधी रागावता आलं नाही.

भोपाळला खरोखर विचारलं. समोरचे साहेब शांत, पांढऱ्या मिशांचे. दुष्काळाचं विचारलं, मेंढरांचं विचारलं, मग सहज विचारावं तसं म्हणाले, दिवसभराचं काम संपलं की तुझे वडील काय करतात? "भजन करतात," इथवर आलो, आणि थांबायला जागा होती. थांबलो नाही. "आणि गांजा ओढतात, सर."

साहेबांनी मान वर केली. तू? मी म्हणालो, कधीच नाही. मग त्यांनी खरा प्रश्न टाकला. उद्या तुझ्या हाताखालच्या जवानानं ओढला, आणि त्याच्या हातात बंदूक आहे, तर? मी म्हणालो, समजावून सांगीन. पुन्हा ओढला तर? माझ्या डोळ्यांसमोर जवान येईना, आबाच येत होते. आबांना शिक्षा करायची कशी? मी काहीतरी गुळमुळीत बोललो आणि बाहेर पडलो.

शेवटच्या दिवशी निवडलेल्यांचे छातीवरचे नंबर पुकारले. माझा नव्हता. का पडलो, ते सांगत नाहीत. बॅग उचलायची आणि स्टेशन गाठायचं.

छावणीत परतलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली. "खरं बोलायला गेला अन् तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली," असं जो तो म्हणत होता. आबांनी फक्त विचारलं, "इचारलं का माझं?" मी हो म्हणालो. "सांगितलंस?" हो म्हणालो. ते म्हशीची पाठ घासत राहिले. मी परोपरीनं सांगितलं की पडण्याची शंभर कारणं असतात, माझं इंग्रजी कच्चं, मी अडखळलो. ते ऐकून घेत होते, पण त्यांच्या मनानं घेतलं होतं की पोराची वर्दी आपण धुरात उडवली.

दुसऱ्या दिवशी आबा ठरावाच्या सूचकाकडे गेले आणि चिलीम त्याच्या हातात ठेवली. "तू म्हणाला होतास ना मी निर्व्यसनी हाय? मग आता ही तूच सांभाळ." त्याला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. मला म्हणाले, "परत परीक्षेला बस. पुढच्या खेपेला इचारलं तर म्हण, ओढत व्हता, आता सोडली. दोन्ही खरंच असंल."

बोलायला सोपं. तीस वर्षांची सवय ती! जेवण जाईना. अंगाला घाम सुटायचा. कधी तोंडातून शिवी न काढणारा माणूस बैलावर ओरडायचा, माझ्यावर ओरडायचा, टँकरवाल्याशी भांडायचा. माय कंटाळून म्हणाली, "ओढा बाई एकदाचं, पण माणसात या!" आबांनी फुटाण्याची मूठ तोंडात कोंबली आणि छावणीला चक्कर मारायला निघून गेले. त्या दिवसांत त्यांनी इतके फुटाणे खाल्ले की फुटाणेवाला आमच्याच बाजल्याशेजारी दुकान मांडून बसायला लागला.

सगळ्यात अवघड होतं ते संध्याकाळचं बसणं. भजनाला जायचं कसं टाळणार? आणि आमच्याकडे हातात आलेली चिलीम नाकारणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान. आबा जायचे. चिलीम त्यांच्याकडे आली की दोन्ही हातांनी घ्यायचे, कपाळाला लावायचे आणि पुढच्याला द्यायचे. न ओढता. मी लांबून बघायचो. माझ्यासाठी लोकांनी पुष्कळ केलं आयुष्यात, पण चिलीम कपाळाला लावून पुढं देणाऱ्या त्या हातांएवढं कुणी केलं नाही.

मी दुसऱ्यांदा परीक्षा दिली, पुन्हा पास झालो. तोवर दुसरा उन्हाळा लागला होता आणि आम्ही परत छावणीत होतो. निघताना आबांनी अंगारा लावला आणि म्हणाले, "इचारलं तर नीट सांग बरं का. सोडली म्हण."

या खेपेला साहेब वेगळे होते. त्यांनी छावणीबद्दलच विचारलं. चारा कमी आला तर आधी कुणाला, गाभण म्हशीला की बैलाला? भांडण लागलं तर मिटवतं कोण? मी धडाधडा सांगत होतो, कारण ते सगळं माझ्या अंगावरून गेलेलं होतं. पण मनात एकच, आता विचारतील, आता विचारतील. मी स्वतःहून दोनदा गाडी आबांकडे वळवली. त्यांनी दोन्ही वेळा मान डोलावली आणि पाण्याचं विचारलं. शेवटी "थँक यू" म्हणाले. संपलं.

शेवटच्या दिवशी माझा नंबर पुकारला. पुढं वैद्यकीय तपासणीही पार पडली. मी उड्या मारायला पाहिजे होत्या, आणि मारल्याही. पण घरी परततानाच्या एसटीत कडा गावाच्या अलीकडं एकदम ध्यानात आलं. ज्या प्रश्नासाठी आबांनी वर्षभर जीव जाळला, तो कुणी विचारलाच नव्हता. आता घरी काय सांगू?

माय फाट्यावर घ्यायला आली होती. आधी तोंडावरून हात फिरवला, कडाकडा बोटं मोडली. मग मी तिला ते सांगितलं. ती चालता चालता थांबली. "हो म्हण बाबा," ती म्हणाली. "इचारलं म्हण. कुणाचं काय बिघडतं त्यात? त्येच्या जिवाला बरं वाटंल." आणि खरं सांगतो, छावणी दिसेपर्यंत मी "हो" म्हणायचं ठरवलं होतं.

आबा लिंबाखाली होते. लोकांनी मला उचललं, गुलाल टाकला, चेअरमननी अभिनंदनाचा ठराव तिथल्या तिथं मांडला. आबा गर्दी ओसरेपर्यंत लांबच उभे राहिले. मग जवळ आले आणि खाली बघत विचारलं, "इचारलं का?"

ओठावर आलेलं "हो" मी गिळलं. "न्हाई, आबा. इचारलंच न्हाई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. क्षणभर त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. मग ते एकदम हसत सुटले, ठसका लागेपर्यंत. "हात् तिच्या मायला! फुकटच मेलो की रे मी!"

"ओढा आता, आबा," मी म्हणालो. माझ्या डोळ्यांत पाणी होतं. "मी कायबी म्हणणार न्हाई."

"गप ए," ते म्हणाले. "हो म्हणला असतास तर मला बरं वाटलं असतं. न्हाई म्हणलास, ते लई बरं झालं." त्यांनी माझ्या केसातला गुलाल झटकला. "त्येंनी न्हाई इचारलं, पण आता साहेब झाल्यावर तू इचारशील की. दुसऱ्यांच्या पोरांना. तवा तुझ्या घरात चिलीम नको."