अपडेट लांबलं त्याचं कारण

बबननाना आज सकाळी गेले. आता माझ्या लिहिण्यावर चिडायला कोणी उरलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नाना आळे गावचे. बैलगाडा शर्यतीत घाटाच्या, म्हणजे गाडे पळतात त्या चढाच्या, कडेला माईक धरून बोलायचे. गाडा कुणाचा, कुठल्या गावचा, किती सेकंदांत आला, सगळं.
आपल्या जुन्नर-आंबेगावात लोक बैलांइतकंच माईकवाल्यालाही ओळखतात.

लॉकडाऊनच्या कितीतरी आधीपासून शर्यतींवर बंदी होती. नाना घरी बसून होते.

मी पुण्यात एका छोट्या कंपनीत. आम्ही पाच जण. बैलगाड्याचा ऑनलाइन गेम काढला होता. पुढच्या अपडेटमध्ये नवा घाट आणि नानांचा आवाज येणार होता.
प्लेअर्सना काय चाललंय ते कळवायचं काम माझं.

नानांनी अख्ख्या आळ्यात सांगून ठेवलं, "औंदा माझा आवाज मोबाईलमदी येनार."

मी पोस्ट टाकली, "अपडेट चैत्रातल्या यात्रेला."
आपल्याकडं सगळं यात्रेच्या हिशोबानं चालतं, म्हणून मी तारीख न देता यात्रा दिली.

मग लॉकडाऊन लागला, सगळंच बंद झालं. स्टुडिओ बंद, यात्रा रद्द. मी लॅपटॉप घेऊन निरगुडसरला घरी येऊन बसले.
पोरं विचारायला लागली, "यात्रा रद्द, म्हंजी अपडेट पन रद्द का?"

मी लिहिलं, "लवकरच."
पंधरा दिवसांनी, "लवकरच येत आहे."
मग नुसतं "थोडा धीर धरा" आणि हात जोडलेला इमोजी.

मला शिव्या ऑनलाइन पडत होत्या. नानांना डेअरीवर, दूध घालायला गेले की. "काय नाना, आवाज कुठं अडकला?"

एक दिवस त्यांचा फोन आला.
"पोरी, लवकर म्हंजी कवा?"
"नाना, आत्ता नाही सांगता येत."
"मंग सांगता येत न्हाई आसं लिही की. आन् का येत न्हाई ते बी लिही."

त्यांची एक पद्धत होती. घाटात गाडा जुंपायला वेळ लागला तर ते कधीच "पाच मिनिटात" म्हणायचे नाहीत. अमक्याचा बैल बिथरलाय, जू घेईना, मालक घामाघूम झालाय, असं नाव घेऊन सांगायचे.
"मानूस उन्हात उभं ऱ्हातं. पन कशापायी उभं हाये ते त्याला कळाया पायजे."

मग मी तसं लिहिलं. आमचा साउंडवाला डोंगरातल्या त्याच्या गावी अडकलाय, रेंजसाठी रोज टेकडी चढतो. नाना घरातच गोधडी पांघरून रेकॉर्डिंग करतायत, पण दर वेळी मागून कुकरची शिट्टी येते.

कंपनीचे सर भडकले. म्हणाले, हे अजिबात प्रोफेशनल नाही.
त्या पोस्टखाली एकही शिवी आली नाही. एकानं लिहिलं, "नानींना सांगा, चार दिवस पिठलं-भाकरी करा."

घरचं रेकॉर्डिंग काही कामाचं निघालं नाही. पुढं जरा सगळं सुरू झाल्यावर स्टुडिओचा दिवस ठरला.
त्याच आठवड्यात नाना पॉझिटिव्ह आले.

त्यांच्या मुलाचा फोन आला. "ताई, कुठं नाव टाकू नका. लोक आमचं दूध घ्यायचे नाहीत."
मला पटलं. खरं सांगायचं तर सोयीचंही पडलं.

मी लिहिलं, "तांत्रिक कारणामुळे अपडेट लांबणीवर."

कोविड सेंटरमधून नानांची व्हॉइस नोट आली. मधे मधे दम लागत होता.
"तांत्रिक कारन म्हंजी मी का? माझं नाव लिही. बबन आजारी हाये, म्हनून थांबलंय. त्यात लाज कसली?"

मी म्हणाले, मुलाला विचारते.
विचारलं नाही.

नाना बरे होऊन घरी आले. आवाज मात्र गेला. चार वाक्यं बोलले की खोकला यायचा. कंपनीनं दुसऱ्याचा आवाज घेतला आणि अपडेट एकदाचं आलं.
त्या पोस्टमध्येही मी काही लिहिलं नाही.

आळ्यात सगळ्यांनी डाउनलोड केलं. नाना त्यात नव्हते.

पुढं बंदी उठली, घाट भरायला लागले. मी एकदा नानांना भेटायला घाटात गेले. ते मांडवात खुर्चीवर बसले होते. माईक दुसऱ्याच्या हातात.
येणारा-जाणारा त्यांना टोमणा मारून जात होता, "मोबाईलमदी येनार व्हते ना तुमी? लई फेकलीत राव."
नाना हसायचे. "न्हाई जमलं," एवढंच म्हणायचे.
मी शेजारच्या खुर्चीवर होते. तिथं तोंड उघडायला हवं होतं. मी गप्प बसले आणि नानांनी माझ्यासाठी चहा मागवला.
माझं नाव त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

आज सकाळी मुलाला फोन केला. जे तेव्हा विचारायचं होतं ते आज विचारलं.
तो म्हणाला, "लिहा ताई."

आळ्यातल्या मंडळींनो, बबननानांनी फेकली नव्हती. गेममध्ये त्यांचाच आवाज यायचा होता, दिवससुद्धा ठरला होता. ते आजारी पडले म्हणून अपडेट थांबलं. त्या आजारात त्यांचा आवाज गेला म्हणून दुसऱ्याचा घ्यावा लागला. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी लपवलं.
तुम्ही इतकी वर्षं त्यांना हसलात, ते माझ्यामुळे.

दुपारी अंत्यविधीला जाताय, तर खांदा देताना एवढं माहीत असू द्या.

नाना, मला माफ करा. माझा शेवटचा नमस्कार.