उपाशी नसलेला माणूस

देवराव शंभरकर नागपुरात कळमन्याच्या बाजारात एकोणचाळीस वर्षं हमाली करत होते, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाच्या हातचं फुकट खाल्लं नव्हतं. ही गोष्ट ते आपणहून कुणाला सांगत नसत. पण कुणी विचारलं तर सांगायला त्यांना आवडायचं.

त्यांचा बाप उमरेडकडच्या एका खेड्यातला. त्या गावात त्यांच्या वस्तीतल्या माणसांनी संध्याकाळी टोपली घेऊन दारोदार भाकरी मागायची, अशी पिढ्यांची रीत होती. लहानपणी बाप आपल्या आजीच्या मागे तसा फिरला होता. छपन्न साली तो नागपूरला पायी आला, दीक्षा घेतली, आणि घरी परतल्यावर त्याने टोपली चुलीत घातली. वर्षभरात गावही सोडलं. देवराव त्यानंतर आठ वर्षांनी जन्मले. टोपली त्यांनी कधी पाहिली नाही. पण पोरांपैकी कुणी शेजारच्या घरून काही खाऊन आलं, की बाप आधी एकच विचारायचा, "मांगतलं, का त्यायनं देल्लं?" उत्तर चुकलं तर त्या रात्री तो स्वतः जेवायचा नाही. पोरांना मार परवडला असता.

बाजारातलं एक खाणं मात्र यात मोडत नव्हतं. एखाद्या शेतकऱ्याचा माल मनासारख्या भावात गेला, की गाडी रिकामी करणाऱ्या हमालांना तो तर्रीपोहे खाऊ घालायचा. ते दान नव्हे. पोती ज्यांच्या पाठीवरून उतरली, त्यांचाही त्या आनंदात वाटा. नाही म्हटलं तर उलट त्याला वाईट वाटायचं. देवराव अशा वेळी पोटभर खायचे, आणि निघताना हात जोडून "जय भीम" म्हणायचे.

फेब्रुवारीतली गोष्ट. मिरचीचे दिवस होते. या दिवसांत यार्डात काम करणाऱ्याचे डोळे सकाळपासून वाहत असतात. कुणी पुसत नाही, पुसलं की आग वाढते. देवरावांनी पहाटे मिरची उतरवली आणि मग काटोलकडून आलेली संत्र्याची गाडी रिकामी केली. गाडीवर शेतकऱ्यासोबत त्याची मुलगी होती. उन्हाधुळीसाठी पोरी बांधतात तसा तिने तोंडाला दुपट्टा गुंडाळला होता. फक्त डोळे दिसत होते. त्या लॉटला भाव बरा मिळाला.

तासाभराने भैय्याजीच्या ठेल्यावर देवराव आपल्या पोह्यांची वाट पाहत बसले असताना एक मुलगी समोर आली. तोंडाला दुपट्टा. तिने तो खाली केला आणि हसली.

"काका, पोहे खाणार ना? माझ्याकडून."

"काहून नाई?" देवराव म्हणाले. "आजच्या दिवशी नाई कसं म्हनावं?"

तिने दोन्ही हातांनी प्लेट दिली. तिच्या मागे एक पोरगा मोबाईल धरून उभा होता. भाऊ असेल, असं देवरावांना वाटलं. हल्ली सगळेच सगळ्याचे फोटो काढतात. त्यांनी खाल्लं, वरून तर्री मागून घेतली. उठताना हात जोडले.

"जय भीम, बाई. असंच राहू द्या."

त्या मुलीचं नाव नूपुर. शहरातल्या सदर भागातल्या एका ऑफिसात ती कामाला होती आणि फोनवाला पुष्कर तिच्याच ऑफिसातला. त्या महिन्यात शहरभर एक चॅलेंज चाललं होतं, 'एक प्लेट माझ्याकडून'. कुणा उपाशी माणसाला खाऊ घालायचं, त्याचं रील टाकायचं आणि तीन मित्रांची नावं घ्यायची. त्या तिघांनी चोवीस तासांत तेच करायचं. नूपुरचं नाव तिच्या मैत्रिणीने घेतलं होतं. तास उरले होते तीन. उपाशी माणूस कुठे सापडेल याचा तिने विचार केला, आणि तिला कळमना आठवलं.

रील चाळीस सेकंदांचं झालं. वाहणारे डोळे, घास, जोडलेले हात. "जय भीम" ऐकू येत नव्हतं, तिथे व्हायोलिन होतं. खाली लिहिलं होतं, 'तीन दिवसांपासून उपाशी असलेले हे काका. पहिल्या घासाला त्यांचे डोळे बघा.' हे तीन दिवस कुठून आले, ते पुढे कुणालाच नीट सांगता आलं नाही. पुष्कर म्हणाला, नूपुरने लिहिलं. नूपुर म्हणाली, मैत्रिणीच्या रीलमध्ये दोन होते.

चार दिवसांत ते सहा लाख लोकांनी पाहिलं. देवरावांच्या घरी मात्र कुणालाच पत्ता नव्हता. शेजारची देवकी फोन घेऊन आली आणि त्यांच्या बायकोला, प्रेमिलाला म्हणाली, "काहून वं, तुमच्या घरी चूल पेटत नाई का? भाऊजी तीन दिवसाचे उपाशी हायेत म्हन्ते."

प्रेमिलाने रील पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. म्हणाली, "त्या दिवशी तं मी डब्यात वांगं देल्लं होतं."

सुरुवातीला लोक हळहळत होते. लाल बदाम टाकत होते. मग एकाने विचारलं, यांना मुलंबाळं नाहीत का? दुसऱ्याने सांगितलं, आहे ना. प्रशिक शंभरकर. कोराडीच्या वीज केंद्रात टेक्निशियन, पक्की नोकरी, कॉलनीत क्वार्टर. झालं. त्यानंतर नूपुरच्या पोह्यांचं कुणी नाव काढलं नाही. असा मुलगा असण्यापेक्षा नसलेला बरा. याच्या गेटसमोर जाऊन बसलं पाहिजे. शिकवून काय फायदा. कुणी प्रशिकच्या लग्नाचा फोटो शोधून आणला, ताटं भरलेली. त्याखाली लिहिलं, इथे मात्र तुपाची धार.

प्रशिकचा फोन आला तेव्हा देवराव आंघोळ करून बाहेर आले होते.

"बाबा, हात काहून पसरला तुमी?"

"मी कुठी हात पसरला? तो तं वाटा होता मालाचा. संत्रा चांगला गेला न त्यायचा."

"कोनाचा संत्रा? ते पोरगी सदरची हाये. हापिसातली."

"संत्र्यावाल्याची नोय?"

"नोय, बाबा."

देवराव खाली बसले. फोन कानाला तसाच होता. शेवटी प्रेमिलाने फोन काढून घेतला आणि बंद केला.

दुसऱ्या दिवशी ते भैय्याजीला जाऊन विचारून आले.

"मले वाटलं तुमची वळखीची हाये," भैय्याजी म्हणाला. "पैसे देल्ले तिनं, मी घेतले. माहा काय दोष?"

दोष कुणाचाच नव्हता. हमालांना मात्र विषय मिळाला. "काका, रडले ते मिरचीनं का पोह्यानं?" पिंटू हमाल विचारायचा. पहिले दोन दिवस देवरावही हसले. मग रोज सकाळी नवे नवे लोक मोबाईल घेऊन ठेल्यावर येऊ लागले. ज्याच्या अंगावर मळका सदरा दिसेल त्याच्यापुढे प्लेट धरायचे. हमालांनी ठेला सोडला. स्वतःच्या पैशाचे पोहे ते ट्रकच्या आडोशाला उभ्याने खाऊ लागले. पिंटूचं विचारणंही थांबलं.

देवकीने रीलवरून शोधून दिलेला पत्ता घेऊन देवराव बस धरून सदरला गेले. धुतलेला सदरा घातला होता. ऑफिसच्या खाली थांबले. नूपुर जिना उतरून आली. ओळख पटताच तिच्या चेहऱ्याचा रंग गेला. तिने सगळं ऐकून घेतलं. ती वाईट मुलगी नव्हती.

"सॉरी काका. मला खरंच माहीत नव्हतं. मी आत्ता काढते."

त्यांच्यासमोर तिने ते काढलं. "बघा, गेलं."

"गेलं?"

"माझ्याकडून गेलं."

तोवर ते आणखी सत्तर ठिकाणी होतं. हिंदीत अक्षरं घातलेलं, वेगळ्या गाण्याचं, नुसत्या डोळ्यांचं. पुष्करही खाली आला होता. त्याने उपाय सुचवला. "काका, तुम्हीच बोला ना. खरं काय ते. मी शूट करतो. लोक ऐकतील."

सदरच्या त्या जिन्याखाली उभं राहून देवराव बोलले. "माहं नाव देवराव शंभरकर. मी उपाशी नव्हतो. मले वाटलं माल चांगला गेला म्हनून खाऊ घालून राहिले. डोये मिरचीनं वाहत होते. माह्या पोरानं मले कदी उपाशी ठेवलं नाई. मी माह्या हातानं कमावून खातो." एवढंच. एकदाही अडखळले नाहीत. परत येताना बसमध्ये त्यांना बरं वाटत होतं. घरी येऊन त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या.

तो व्हिडिओ चार हजार लोकांनी पाहिला. त्यांतल्या बऱ्याच जणांना देवराव कागद बघून बोलत आहेत असं वाटलं. पोराने दम दिलेला दिसतोय, एकाने लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं, खाल्लं ते खाल्लं, वर गुर्मी बघा. तिसरी बाई म्हणाली, म्हणूनच मी कुणाला काही देत नाही.

त्यांच्या बाजूनेही लोक होते. असली चॅलेंजेस म्हणजे गरिबांचा तमाशा, असं त्यांनी लिहिलं. भूक ही दाखवायची गोष्ट नव्हे. चांगलं लिहिलं होतं. मजकुरावर चित्र मात्र देवरावांचंच, त्याच वाहत्या डोळ्यांचं. एका कॉलेजात यावर वादविवाद झाला, 'दानाचा दिखावा योग्य की अयोग्य'. फलकावरही तेच डोळे. शंभराला पोहे देऊन एकाचा फोटो निघाला तर काय बिघडलं, असं एका बाजूचं म्हणणं. त्या एकाला विचारलं का, असं दुसरीचं. दोन्ही बाजूंना टाळ्या पडल्या. दोन्ही बाजूंच्या लेखी देवराव उपाशीच होते.

मार्चच्या शेवटी एका रविवारी प्रशिक आला. दर रविवारी यायचा, पण गेले चार रविवार आला नव्हता. चप्पल काढून तो दाराशीच बसला.

"बाबा, बिल्ला परत करून टाका. पुरे झाली हमाली."

"मी काय चोरी केली का रे?"

"चोरी तं मी केली म्हन्ते लोकं. बापाच्या तोंडातला घास चोरला." तो जमिनीकडे बघत होता. "मेघाले कॉलनीतल्या बाया विचारते, सासऱ्याले जेवाले देता का म्हनून. मी कॅन्टीनमंदी गेलो का पाठीमांगून कोनी म्हन्ते, पाह्य, जेवाले आला."

"तुले तं मालूम हाये न, मी खरं बोलून राहिलो?"

"मले मालूम हाये. पन मी एकट्यानं खरं मानून काय होते, बाबा?"

प्रेमिला आतून म्हणाली, "चार महिन्यात लोकं इसरतीन रे."

"तवरक मी काय करू, आई? रोज बाजारातून नवा फोटू येते. पाठीवर पोतं. खाली लिहून राहते, 'पोरगा साहेब, बाप हमाल'."

देवरावांना पोतं उचलण्यात कधी कमीपणा वाटला नव्हता. लेकाची फी याच पोत्यांनी भरली होती. हे त्यांना म्हणायचं होतं. पण समोर प्रशिकचा चेहरा होता. डोळ्यांखाली काळं आलं होतं. दाढी वाढली होती. त्याच्या नोकरीची पहिली चिठ्ठी आली तेव्हा याच दाराशी बसून तो लहान मुलासारखा हसला होता.

"ठीक हाये," ते म्हणाले.

एप्रिलमध्ये त्यांनी बिल्ला जमा केला. कळमन्याची खोली सोडली. दोघंही कोराडीच्या क्वार्टरमध्ये राहायला गेले. सून मेघा मनाने चांगली होती. सकाळी चहा, अकराला जेवण, चारला पुन्हा चहा, सगळं हातात आणून द्यायची. देवराव भाजी आणतो म्हणाले की ती म्हणायची, "राहू द्या नं, बाबा. कोनी पाहिलं तं उगाच." ते गॅलरीत बसायचे. कठड्यावर वीज केंद्राची राख बसायची, ती पुसायचे. दोन तासांनी परत पुसायचे. तेवढंच काम होतं. हातांवरचे घट्टे महिन्याभरात मऊ पडले, मग सोलवटून निघाले.

जेवण जाईना. चव नव्हती असं नाही, मेघाच्या हाताला चव होती. पहिला घास तोंडात घेतला की तो कशाबद्दल मिळाला, हे त्यांना आठवत नसे. प्रेमिलाला हे समजत होतं. ती त्यांच्या ताटात कमी वाढू लागली. मेघाला वाटलं, सासूबाई वाढताना हात आखडता घेतात.

जूनमध्ये कुणीतरी ते रील पुन्हा टाकलं. रविवार होता. प्रशिकने मेघाला चार जिनसा करायला सांगितल्या. ताट टेबलावर मांडलं. देवरावांना खुर्चीवर बसवलं. स्वतः समोर उभा राहिला आणि मोबाईल वर धरला.

"हे काहाले रे?" देवरावांनी विचारलं.

"एकच फोटू, बाबा. घास घ्या. जरा हसा नं."

"कोनाले दाखवाचा हाये?"

"सगळ्यायले."

देवरावांनी घास घेतला. लेकाकडे पाहिलं. ते हसले. घास गिळता येत नव्हता, म्हणून फोटो निघेपर्यंत तो गालात धरून ठेवला.

संध्याकाळी प्रशिक धावतच गॅलरीत आला. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला होता.

"पाहा बाबा, चांगलं लिहून राहिले लोकं." तो वाचू लागला. "'शेवटी मुलाला लाज वाटली. आता बापाला पोटभर जेवायला मिळतंय. नूपुर ताई, हे तुमच्या एका प्लेटमुळे झालं.' दोन हजार लोकायनं लाइक केलं, बाबा. शिव्या बंद झाल्या."

प्रेमिलाने नवऱ्याकडे पाहिलं. देवराव लेकाकडे पाहत होते.

"हाव," ते म्हणाले. "चांगलं लिहिलं."

"दर रविवारी एक टाकू. मंग कोनी काई बोलनार नाई."

देवरावांनी मान डोलावली.